‘चाक बसते’ : मोटारीच्या चाकामागील स्पेसर आणि त्याची परिभाषा

मराठीत ‘बसणे’ या क्रियापदावर जेवढा भार पडतो तेवढा फारच थोड्या क्रियापदांवर पडत असेल. पक्षी फांदीवर बसतो, घडी बसते, विश्वास बसतो, धक्का बसतो, भुर्दंड बसतो. आणि मोटारदुरुस्तीच्या दुकानात चाक बसते. या शेवटच्या प्रयोगाचा विचार येथे करावयाचा आहे. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु एका मोटारीचे चाक दुसऱ्या मोटारीला लावताना ‘बसते का?’ एवढाच प्रश्न विचारला जातो, ‘बसते’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्या उत्तराच्या भरवशावर माणसे पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जातात. तेव्हा या क्रियापदाच्या पोटात नेमके किती अर्थ आहेत हे पाहणे केवळ कोशकाराच्या सोयीचे काम नव्हे.

प्रश्न उद्‌भवतो तो असा. वेगासाठी बांधलेल्या दोन आसनी मोटारींचे मालक मूळच्या चाकांवर सहसा समाधानी नसतात. कोणाला रुंद चाक हवे असते, कोणाला दुसऱ्या बनावटीचे देखणे चाक आवडते, तर एखादी मोटार इतकी दुर्मिळ असते की तिचे मूळ रिमच मिळत नाही. परके चाक आणायचे, तर ते जसेच्या तसे लागत नाही. मग चाक आणि हब यांच्यामध्ये धातूची एक जाड चकती घालतात. हाच स्पेसर. पाच मिलिमीटरांपासून पंचवीस-तीस मिलिमीटरांपर्यंत त्याची जाडी असते. वस्तू एवढीच, परंतु ती घातल्याने काय होते आणि काय होत नाही, हे समजण्यासाठी प्रथम चाक हबवर कशाने राहते ते पाहिले पाहिजे.

आपल्या भाषेला चाक नवे नाही. संस्कृतातील नाभी, अर आणि नेमी हे चाकाचे तीन अवयव फार प्राचीन आहेत. ‘अर’ आजही मराठीत ‘आरा’ म्हणून नांदतो, आणि ‘आस’ हा ‘अक्ष’ या शब्दाचा तद्‌भव आहे. बैलगाडीच्या चाकाला मधोमध तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांवर लाकडी घेर आणि घेरावर लोखंडी धाव, अशी स्वच्छ परिभाषा कोकणात आणि देशावर रूढ होती. मोल्सवर्थच्या कोशात ‘धाव’ हा शब्द या अर्थाने नोंदलेला आहे. मग हबला ‘तुंबा’ म्हणावे, रिमला ‘घेर’ म्हणावे आणि परिभाषेचा प्रश्न सुटला असे समजावे, असे कोणी सुचवील. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. कारण बैलगाडीत तुंबा हा चाकाचाच अविभाज्य अवयव आहे. तो स्थिर आसावर मोकळा फिरतो आणि टोकाशी ठोकलेली खीळ त्याला बाहेर पडू देत नाही. मोटारीत हब निराळा आणि चाक निराळे. हब बेअरिंगमध्ये फिरतो आणि चाक त्याच्या तोंडावर बोल्टांनी आवळलेले असते. म्हणजे मोटारीच्या चाकात एक सांधा आहे, जो बैलगाडीच्या चाकात नव्हताच. जी वस्तू नव्हती तिचा शब्दही नव्हता. स्पेसरचे सर्व भलेबुरे नेमके या सांध्यात घडते.

यातून आणखी एक गोष्ट निष्पन्न होते. गाडीच्या आसावर तुंबा आणि खीळ यांच्यामध्ये झोल राहिला तर तेथे एखादी चकती सरकवण्याने काही बिघडत नसे. तिला कोणताच मोठा भार सोसावयाचा नसे. दुरुस्तीच्या बोलीत वॉशरचा ‘वायसर’ झाला तो याच निरुपद्रवी जातीचा: जागा रिकामी आहे, वायसर घाला. स्पेसरलाही अनेक कारागीर ‘जाड वायसर’ असे म्हणतात, आणि त्या नावाबरोबर वायसरचा निरुपद्रवीपणाही त्याला नकळत बहाल होतो.

आता सांध्याचे स्वरूप पाहू. चाक चार किंवा पाच बोल्टांवर टांगलेले असते आणि मोटारीचे वजन ते बोल्ट पेलतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची आहे. बोल्टांचे काम चाकाला हबच्या तोंडावर दाबून धरण्याचे. भार वाहतो तो त्या दोन तोंडांमधील घर्षणाने. याची कल्पना आकड्यांनी येईल. पोर्श ९११ च्या जुन्या पिढ्यांत चाकाचा प्रत्येक बोल्ट १३० न्यूटन-मीटरने आवळावयाचा असतो. चौदा मिलिमीटर व्यासाचा बोल्ट इतका आवळला की तो ढोबळमानाने साडेचार टनांच्या जोराने चाक हबवर दाबतो. असे पाच बोल्ट म्हणजे बावीस-तेवीस टन. त्यामुळे मिळणारे घर्षण काटकसरीने धरले तरी तीन-साडेतीन टनांचे होते, आणि संपूर्ण मोटारीचे वजन दीड टनाच्या आसपास असते. जोवर हा दाब आहे तोवर बोल्टांना आडवा भार जवळजवळ जाणवतच नाही. दाब गेला की चाक प्रत्येक फेऱ्यात केसभर हलू लागते, बोल्ट वाकतात आणि सरळ होतात, आणि काही काळाने तुटतात. तुटलेला बोल्ट पाहून ‘बोल्ट कच्चा होता’ असा निवाडा दिला जातो. बहुधा कच्चा असतो तो दाब.

हे ध्यानात ठेवून ‘बसते’ या शब्दाची फोड करू. मराठी क्रियापदे येथे आश्चर्यकारक उपयोगी पडतात. परक्या चाकासंबंधी वास्तविक पाच प्रश्न विचारावयाचे असतात: बोल्ट भोकांतून नीट *जातात* का, चाकाचे मधले भोक हबच्या उंचवट्यावर *बसते* का, चाकाची पाठ हबच्या तोंडावर सर्वत्र *टेकते* का, नटाचे आटे पुरेसे *धरतात* का, आणि फिरताना चाक कोठे *घासते* का. जाणे, बसणे, टेकणे, धरणे, घासणे, ही पाचही क्रियापदे कारागिरांच्या तोंडी रोजची आहेत. परंतु गिऱ्हाइकाशी बोलताना पाचांचे काम एकट्या ‘बसते’वर सोपवले जाते, आणि त्यावर कळस म्हणून ‘फिट’ हा आगंतुक शब्द चढवून ‘फिट बसते’ असे म्हटले की शंकेला जागाच उरत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, निसान ३७०झेड ही मोटार बाळगणाऱ्या एखाद्या गृहस्थाला मर्सिडीज एसएलकेची चाके मिळाली. निसानच्या हबवर पाच खुंट्या ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर रोवलेल्या आहेत. मर्सिडीजच्या चाकाची पाच भोके ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत. या वर्तुळाच्या व्यासालाच कारखान्यांत सर्वत्र ‘पीसीडी’ म्हणतात. दोहोंतला फरक त्रिज्येत केवळ १.१५ मिलिमीटर. भोके खुंट्यांपेक्षा थोडी मोठी असतातच. त्यामुळे थोड्याफार जोराने खुंट्या *जातात*. निसानच्या हबचा मधला उंचवटा ६६.१ मिलिमीटरचा आणि मर्सिडीजच्या चाकाचे मधले भोक ६६.६ मिलिमीटरचे, तेव्हा ते *बसल्यासारखे* वाटते. पण नट आवळताना प्रत्येक खुंटी आपल्या भोकाच्या मध्याकडे ओढली जाते आणि वाकते. शिवाय मर्सिडीजच्या चाकातील बैठक गोलाकार आणि निसानच्या नटाचे तोंड शंकूसारखे. म्हणजे दोहोंचा स्पर्श पृष्ठभागाने न होता एका बारीक रेषेने होतो. आवळताना हाताला घट्टपणा जाणवतो तो दाबाचा नव्हे, अडकण्याचा. शंभर किलोमीटर गेल्यावर तो घट्टपणा उरत नाही. ज्या जोडीत फरक मोठा असतो, उदाहरणार्थ १०० आणि ११४.३, तेथे चाक लागतच नाही आणि म्हणून धोकाही नाही. धोका असतो तो जवळपासच्या आकड्यांत. भाषांतरातही घात करतात ते जवळपासचेच शब्द.

या आकड्यांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण आकड्यांनाही व्युत्पत्ती असते. ११४.३ हा आकडा मिलिमीटरांत विचित्र दिसतो. परंतु त्याला २५.४ ने भागले की नेमके साडेचार इंच निघतात. जीप आणि मारुती जिप्सी यांचे १३९.७ म्हणजे साडेपाच इंच. मारुती ८०० सारख्या छोट्या मोटारीचे वर्तुळही ११४.३, म्हणजे साडेचार इंचांचेच. उलट १००, ११२, १२०, १३० हे जर्मन कारखान्यांतले आकडे जन्मतःच मेट्रिक. जपानी बनावटीच्या मोटारीवर इंचाचे वर्तुळ मिलिमीटरांचा पोशाख घालून वावरते, ते तत्सम शब्दाने तद्‌भवांच्या मेळाव्यात वावरावे तसे. ही व्युत्पत्ती ठाऊक असली तर ‘एकशेचौदा म्हणजे एकशेबाराच’ अशी गल्लत होत नाही, कारण ते दोन आकडे एका कुळातले नाहीत हे एकदम उमगते.

आता रुंदी आणि ऑफसेट. चाकाची पाठ हबला जेथे टेकते ती पातळी आणि चाकाच्या रुंदीची मध्यरेषा यांमधील अंतराला ऑफसेट म्हणतात. पाठ बाहेरच्या अंगाला असेल तर ते धन मानतात. मूळ चाक ७ इंच रुंद आणि ऑफसेट ४० असेल, तर त्याची आतली कड हबच्या तोंडापासून १२८.९ मिलिमीटर आत आणि बाहेरची कड ४८.९ मिलिमीटर बाहेर येते. नवे चाक ८ इंच रुंद आणि ऑफसेट ५५ असेल, तर आतली कड १५६.६ आणि बाहेरची ४६.६. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला रुंद चाक उलट किंचित आत गेल्यासारखे दिसते, आणि आत मात्र ते २७.७ मिलिमीटर जास्त घुसून निलंबनाच्या दांड्याला घासते. येथे १५ मिलिमीटरांचा स्पेसर घातला की ऑफसेट पुन्हा ४० होतो. आतली कड १४१.६ आणि बाहेरची ६१.६, म्हणजे वाढीव रुंदी दोन्ही अंगांना सारखी १२.७ मिलिमीटर वाटली जाते. हा स्पेसरचा खरा आणि समर्थनीय उपयोग. पोर्श कंपनीनेही ९११ साठी ५ मिलिमीटरांचे स्पेसर अधिकृत वैकल्पिक भाग म्हणून विकले आहेत. तेव्हा ही वस्तू मुळातच त्याज्य आहे असे मानण्याचे कारण नाही.

या हिशोबावरून एक बहुचर्चित आक्षेपही तपासता येतो. स्पेसर घातला की बेअरिंग जाते, असे दुकानादुकानांत ऐकू येते. परंतु बेअरिंगला स्पेसर दिसत नाही. त्याला दिसते ती टायरची मध्यरेषा. वरील उदाहरणात ती मूळ जागीच परत आली, तेव्हा बेअरिंगवरचा भार स्पेसरने वाढलेला नाही. मूळच्याच चाकामागे, केवळ चाके बाहेर दिसावीत म्हणून, २० मिलिमीटरांची चकती घातली तर मात्र हिशोब बदलतो: एका चाकावर ४०० किलोग्रॅमचा भार धरला तर सुमारे ७८ न्यूटन-मीटरचे वाकवणारे बल बेअरिंगवर कायमचे वाढते. घाटातील जोरदार वळणावर त्याच बेअरिंगला क्षणभर आठशे न्यूटन-मीटर सोसावे लागतात, हे पाहता ७८ हा आकडा प्राणघातक नाही. पण वळण संपते आणि हे ओझे संपत नाही. शिवाय सुकाणूचा स्वभाव बदलतो: एक चाक खड्ड्यात गेले की चक्र हातातून ओढले जाते. माझ्या मते बेअरिंगची भीती थोडी अतिरंजित आहे आणि सांध्याची भीती फारच कमी बाळगली जाते.

सांध्याकडे परत येऊ. स्पेसर घातला की एका सांध्याचे दोन सांधे होतात: हब आणि चकती यांचा एक, चकती आणि चाक यांचा दुसरा. मराठीच्या विद्यार्थ्याला ही रचना परिचित वाटावी. ‘चाक’ला ‘ला’ थेट लागत नाही. मध्ये ‘आ’ येतो आणि ‘चाकाला’ होते. सामान्यरूपाचा हा स्वर प्रकृती आणि प्रत्यय यांच्यामध्ये बसून दोघांनाही धरतो. चकतीनेही तसेच दोन्हीकडे धरले पाहिजे. तिच्या आतल्या अंगाला हबचा उंचवटा नेमका सामावणारे भोक हवे आणि बाहेरच्या अंगाला चाकासाठी तसाच नवा उंचवटा हवा. पातळ चकतीला असा उंचवटा काढता येत नाही. हबचा उंचवटा दहा मिलिमीटर असेल आणि चकती आठ मिलिमीटर असेल, तर चाकाच्या वाट्याला दोन मिलिमीटर उरतात, आणि कडेचा उतार वजा केला तर काहीच उरत नाही. चाक मग केवळ बोल्टांच्या आधाराने मध्य शोधते. तो नेमका सापडला नाही तर ऐंशी किलोमीटरांच्या वेगाला सुकाणू थरथरू लागते.

आट्यांची गोष्टही अशीच. जर्मन मोटारींत खुंट्या नसून सुटे बोल्ट असतात. दीड मिलिमीटर अंतराचे आटे असलेला बोल्ट हबमध्ये २१ मिलिमीटर शिरत असेल तर त्याचे चौदा फेरे धरतात. १५ मिलिमीटरांचा स्पेसर घालून तोच बोल्ट वापरला तर सहा मिलिमीटर, म्हणजे चारच फेरे उरतात. आवळताना ते चार फेरेही घट्टच लागतात! बोल्टाच्या व्यासाइतकी तरी लांबी आट्यांनी धरली पाहिजे, असा साधा नियम आहे. तेव्हा चकतीच्या जाडीइतका लांब बोल्ट हवा. पण त्याहून लांबही नको, कारण हबच्या मागे आलेले टोक ब्रेकच्या भागांना घासू शकते.

येथे महाडच्या औद्योगिक वसाहतीचा संबंध येतो. मुंबई-गोवा महामार्गालगत बिरवाडीच्या बाजूस पसरलेली ही वसाहत मुख्यतः रासायनिक कारखान्यांची आहे. रासायनिक कारखाना म्हणजे नळ, आणि नळ म्हणजे फ्लँज. दोन नळांची तोंडे बोल्टांच्या वर्तुळाने एकमेकांना आवळलेली असतात. म्हणून ‘पीसीडी’ हा शब्द अशा ठिकाणच्या फिटराच्या आणि लेथवर काम करणाऱ्याच्या तोंडी मोटारीशिवायच रुळलेला असतो. दुरुस्तीच्या वेळी नळ बंद करण्यासाठी दोन फ्लँजांमध्ये भरीव पत्रा घालतात आणि एरवी त्या जागी तेवढ्याच जाडीचे मधून पोकळ असे कडे ठेवतात. त्या कड्यालाही ‘स्पेसर’ म्हणतात. योगायोग येथेच थांबत नाही. दीडशे वर्गाच्या दोन इंची नळाच्या फ्लँजचे बोल्ट-वर्तुळ पावणेपाच इंच, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर आहे. आणि अमेरिकेच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या क्रीडामोटारीच्या अनेक पिढ्यांच्या चाकांचे वर्तुळही तेवढेच.

शब्द एक, आकारही जवळजवळ एक. कार्य मात्र भिन्न. नळातले कडे स्थिर असते. त्याचे काम गळती होऊ न देण्याचे, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना गॅस्केट असते, आणि मऊ गॅस्केट हे तेथे भूषण. नळाला मध्य साधला नाही तरी एक-दोन मिलिमीटरांनी काही बिघडत नाही. चाकामागचा स्पेसर मिनिटाला शेकडो फेरे फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याच्यावरचा ताण उलटसुलट होतो. त्याला गॅस्केट चालत नाही. रंगाचा थरही चालत नाही, कारण मऊ थर दबला की बोल्टाचा ताण गेला. तेव्हा कोणत्याही वसाहतीतल्या कुशल लेथवाल्याकडे जाऊन ‘पाच भोकांचा वीस मिलिमीटरचा स्पेसर काढून द्या’ असे सांगितले, तर तो आपल्या शब्दाचा अर्थ घेऊन प्रामाणिकपणे काम करील आणि चकती उत्तम दिसेल. तिच्यात हबचा उंचवटा सामावणारे नेमके भोक नसेल, बाहेरचा नवा उंचवटा नसेल, आणि धातू हाती लागेल तो असेल. दोष कारागिराचा नव्हे. त्याला एक शब्द सांगितला गेला. पाच प्रश्न सांगितले गेले नाहीत.

भूगोलाचाही विचार केला पाहिजे. पोलादपूर पायथ्याशी, महाबळेश्वर तेराशे मीटरांहून अधिक उंचीवर. मध्ये आंबेनळीची वळणे. महाडहून भोरमार्गे पुण्याला जावयाचे तर वरंधा घाट. उतरताना ब्रेक तापतात आणि ती उष्णता हबमधून सांध्यात शिरते. तापणे-निवणे आणि डावी-उजवी वळणे यांची अशी अखंड मालिका सपाट रस्त्यावर येत नाही. दाब कमी असलेला सांधा सैल व्हावयाचा तर तो येथेच. पावसाळ्यात या पट्ट्यात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. हब पोलादाचा, चकती बहुधा ॲल्युमिनियमची; दोन भिन्न धातूंमध्ये पाणी साचले की ॲल्युमिनियम पांढरे पडून झिजते आणि पृष्ठभागांमध्ये भुकटीचा थर तयार होतो. म्हणून हबचे तोंड तारेच्या ब्रशाने धातू दिसेपर्यंत घासल्याशिवाय चकती लावू नये, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर सर्व बोल्ट पुन्हा मोजून आवळावेत. ‘मोजून’ हा शब्द महत्त्वाचा. अर्ध्या मीटरच्या पान्यावर १३० न्यूटन-मीटर मिळवण्यास साडेसव्वीस किलोग्रॅमचा जोर पुरतो. सत्तर किलोग्रॅमचा माणूस पान्यावर उभा राहिला तर ३४० च्या वर जातात. आपल्याकडे दुसरी पद्धत अधिक लोकप्रिय आहे. तिने आटे ताणले जातात आणि पुढच्या वेळी ‘आटे गेले’ अशी तक्रार येते.

बाजारात ‘स्पेसर’ या एका नावाखाली तीन वस्तू मिळतात, हे कोशाच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचे. पहिली, आरपार भोकांची साधी चकती. हिच्यातून मूळ किंवा लांब बोल्ट जातात. दुसरी, स्वतः हबला वेगळ्या नटांनी बांधली जाणारी आणि चाकासाठी स्वतःच्या खुंट्या असलेली चकती. ही साधारणतः वीस मिलिमीटरांहून पातळ करता येत नाही, कारण आतले नट तिच्या जाडीत बुडावे लागतात. तिसरी, एका वर्तुळाचे दुसऱ्या वर्तुळात रूपांतर करणारी, म्हणजे ११४.३ च्या हबवर ११२ चे चाक लावू देणारी. निसान-मर्सिडीजच्या उदाहरणात कामाची आहे ती ही तिसरीच. पहिली घातली तर मूळ दोष तसाच राहून त्यात एका सांध्याची भर पडते. तिसरीला व्यापारात ‘अडॅप्टर’ असा निराळा शब्द आहे, परंतु दुकानात तो टिकत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत आतले नट चाकाआड झाकलेले असतात. ते पुन्हा आवळावयाचे तर चाक काढावे लागते, आणि म्हणूनच ते सहसा आवळले जात नाहीत.

जुन्या काळीही चाकाला चाक जोडण्याचा एक प्रयोग झाला होता आणि त्याचा अवशेष आपल्या बोलीत आहे. वेल्समधील लानेथली गावी डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास आऱ्यांशिवायचे, टायरसह असलेले एक घेरचाक तयार केले. टायर फुटला की हे घेरचाक मूळ चाकाच्या बाजूस कड्यांनी आवळून मोटार पुढे न्यावयाची. त्यांचे दुकान होते स्टेपनी नावाच्या रस्त्यावर. ते घेरचाक नाहीसे झाले. ‘स्टेपनी’ मात्र मराठीत आणि इतर भारतीय भाषांत राहिली, आणि तिचा अर्थ ‘जादा चाक’ असा पालटला. स्पेसर घातलेल्या मोटारीत या स्टेपनीचाही प्रश्न येतो: मूळ रिमच्या स्टेपनीला लांब बोल्ट चालतीलच असे नाही. मूळ बोल्टांचा संच बरोबर ठेवला नसेल तर घाटात टायर फुटल्यावर जादा चाक जवळ असून निरुपयोगी.

कायद्याची भाषाही अभ्यासण्याजोगी आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांपासून भिन्न होतील असा फेरफार वाहनात करता येत नाही. आणि वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतील बदल म्हणजे फेरफार, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चाकामागची चकती हे ‘मूलभूत वैशिष्ट्य’ बदलते की नाही, हा अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. टायर पंख्याच्या बाहेर आला आणि दोन चाकांमधील अंतर वाढले तर उत्तर मालकाच्या विरुद्ध जाण्याचा संभव अधिक, असे मला वाटते. जर्मनीत हा प्रश्न शब्दांच्या अर्थावर सोडलेला नाही; तेथे चकतीबरोबर तपासणी संस्थेचा दाखला लागतो आणि ती कोणत्या मोटारीला, कोणत्या चाकासह, किती जाडीची चालेल हे त्यात लिहिलेले असते.

परिभाषा कशी करावी? १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून आपल्याकडे संस्कृत धातूंवरून शब्द घडवण्याची परंपरा बळावली, आणि स्पेसरसाठी ‘अंतरक’ असा शब्द घडवणे मुळीच अवघड नाही. पण त्याने उपयोग होणार नाही. ‘स्पेसर’मधला घोटाळा ‘अंतरका’त जसाच्या तसा उतरेल. शब्द परका आहे ही अडचण नसून एका शब्दाखाली तीन वस्तू आहेत ही अडचण आहे. त्यापेक्षा ‘स्पेसर’ हा रूढ शब्द ठेवून त्याखाली साधी चकती, खुंट्यांची चकती आणि जोडचकती अशा तीन नोंदी कराव्यात, आणि प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी अनिवार्य समजाव्यात: दोन्ही अंगांची बोल्ट-वर्तुळे, हबच्या उंचवट्याचा आणि नव्या उंचवट्याचा व्यास, जाडी, आट्यांचे माप, आणि नटाच्या बैठकीचा आकार. लेथवाल्याला द्यावयाच्या चिठ्ठीतही याच पाच गोष्टी याच क्रमाने लिहाव्या लागतात. आणि त्या चिठ्ठीत ‘बसते’ हे क्रियापद कोठेच येत नाही.